पदवी आणि शर्यतीची मोटार

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले विद्यार्थी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वरच्या वर्गांत पोंचले, म्हणजे नाताळच्या सुटींत कधीं कधीं भेटावयास येतात. गेल्या वर्षीं अशाच एकानें आम्हांस सांगितलें, कीं आपणांस शर्यतीच्या मोटारींची रचना करण्याचा व्यवसाय पत्करावयाचा आहे. त्याकरितां इंग्लंडांत जाऊन 'मोटारस्पोर्ट' या नांवाची दुसरी पदवी घ्यावयाची आहे. आणि खर्चासाठीं वडील गांवचें शेत गहाण ठेवावयास तयार आहेत. मुलाची हौस आम्हांस गैर वाटली नाहीं. शेताची गोष्ट मात्र मनास लागली. त्या दिवशीं जें उत्तर आम्हांस नीट देतां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहों.

मोटारींच्या शर्यती म्हणजे श्रीमंतांचा रिकामा खेळ, त्यांत शिकलेल्या मुलानें कशाला पडावें, असें म्हणणारे वडीलधारे आमच्या मंडळींत पुष्कळ आहेत. त्यांच्याशीं आमचें मत जुळत नाहीं. २०२० सालीं बहारीनच्या शर्यतींत रोमां ग्रोझाँ यांची मोटार कठड्यावर आदळून दुभंगली व पेटली. तथापि ते आगींतून स्वतः बाहेर पडले. चालकाच्या डोक्याभोंवतीं टायटॅनियम धातूचें जें कडें २०१८ पासून सक्तीचें झालें, त्यानें त्यांचें मस्तक राखलें. संतांच्या चित्रांतील तेजोवलयाचें 'हेलो' हें नांव त्यास दिलेलें आहे, आणि तें आम्हांस शोभून दिसतें. तें कडें किती भार सोसेल याचें गणित कोणा तरी अभियंत्यानें टेबलाशीं बसून केलें होतें. अशा कामास रिकामा खेळ म्हणण्यास आम्ही धजत नाहीं.

प्रश्न आहे तो वाटेचा. या क्षेत्रांत नांव मिळविलेल्या दोघांकडे पाहूं. एड्रियन न्यूई यांनीं साउदॅम्प्टन विद्यापीठांत विमानविद्येचा अभ्यास करून १९८० सालीं पदवी घेतली. अखेरच्या वर्षाच्या त्यांच्या प्रबंधाचा विषय मोटारीच्या पोटाखालून वाहणाऱ्या हवेचा परिणाम हा होता. ही हवा अरुंद वाटेंतून जातांना वेग घेते, तिचा दाब उतरतो, आणि मोटार रस्त्याकडे ओढली जाते. मग वळणावर चाकें रस्ता घट्ट धरून राहतात. बर्नुलीचा जो नियम विज्ञानाच्या तासाला पाठ करून आमचे विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतात, तोच हा. न्यूई विसरले नाहींत, आणि त्याच वर्षीं फिटिपाल्डी संघांत त्यांस जागा मिळाली.

गॉर्डन मरे यांची गोष्ट आम्हांस त्याहून आवडते. दक्षिण आफ्रिकेंतील दरबान शहरीं तांत्रिक महाविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकलेल्या या तरुणानें स्वतःची मोटार बांधून ती स्वतःच शर्यतींत चालविली. १९६९ सालीं लोटस कंपनींत काम मिळेल या आशेनें ते इंग्लंडांत उतरले. ती आशा फळली नाहीं, परंतु ब्रॅबम संघानें त्यांस घेतलें. १९७८ सालीं त्याच संघासाठीं त्यांनीं मागें भला मोठा पंखा लावलेली मोटार रचिली. पोटाखालची हवा उपसून टाकणाऱ्या त्या मोटारीनें स्वीडनची शर्यत जिंकली, आणि पुन्हां ती कोणत्याहि शर्यतींत धांवली नाहीं.

दोघांपैकीं एकाच्याहि पदवीवर 'मोटारस्पोर्ट' हें नांव नव्हतें. होतें तें पक्कें शास्त्र, आणि त्या शास्त्राचा आपल्या आवडीवर केलेला प्रयोग.

आज हा प्रयोग देश न सोडतां करतां येतो. अमेरिकेंत १९८१ सालीं व इंग्लंडांत १९९८ सालीं अशा स्पर्धा सुरू झाल्या, कीं ज्यांत विद्यार्थ्यांच्या संघानें लहानशी शर्यतीची मोटार स्वतः रचावी, बांधावी व चालवावी. एकंदर १००० गुण असतात, पण ते सगळे वेगाला नाहींत. अमुक नळी इतक्याच जाडीची कां घेतली, खर्च किती आला, हें परीक्षकांपुढें उभें राहून सांगावें लागतें. कोइमतूरला भरणारी फॉर्म्युला भारत ही अशीच स्पर्धा होय. पवईच्या आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांनीं विजेवर चालणाऱ्या मोटारी बांधून इंग्लंडच्या स्पर्धेंत नेल्या आहेत. पुढें नोकरी देणारा विचारतो तें हेंच: तूं कोणता भाग केलास, आणि तो मोडला तेव्हां काय केलेंस?

क्रॅनफिल्ड किंवा ऑक्सफर्ड ब्रुक्स येथील अभ्यासक्रम निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ संघांचे कारखाने त्याच मुलखांत आहेत. परंतु ज्याच्या हाताला अजून कानशीचा घट्टा पडला नाहीं, त्यास ती पदवी फारशी तारणार नाहीं. शिवाय शिक्षण संपल्यावर तेथें नोकरींत टिकावयाचें तर मालकानें सरकारदरबारीं पुरस्कर्ता व्हावें लागतें. कर्जाचे हप्ते मात्र कोणासाठीं थांबत नाहींत. बुरूज बांधण्यापूर्वीं हिशेब करणाऱ्या माणसाचा दृष्टांत आपण उपासनेंत ऐकतों, आणि घरीं येऊन कर्जाच्या कागदावर सही करतों! आणि जागा मिळाली तरी शेंकडों माणसांच्या संघांत नवख्याच्या वांट्यास महिनेच्या महिने एखादी पकड, नाहींतर ब्रेकला गार हवा पोंचविणारी नळी येते. २०२१ पासून फॉर्म्युला वनच्या संघांना खर्चाची मर्यादा आहे, म्हणून त्या नळीचीहि किंमत मोजली जाते.

आम्हीं त्या मुलास त्या वेळीं एवढेंच सुचविलें होतें, कीं शेताचा कागद होण्यापूर्वीं महाविद्यालयाच्या संघांत एक मोसम काढ. परवां त्याचें पत्र आलें. ब्रेकच्या परीक्षेंत चारहि चाकें एकदम अडकावीं लागतात. त्यांच्या मोटारीचीं मागचीं दोन अडकलींच नाहींत, आणि मोटार शर्यतीस उतरूं शकली नाहीं. चूक कोठें झाली त्याचें गणित त्यानें तीन पानें भरून लिहिलें आहे. इंग्लंडचा विषय अगदीं शेवटच्या ओळींत आहे. शेत अद्याप गहाण पडलेलें नाहीं.