मंत्रचळ मोजता येतो

"आमच्या मुलीला स्वच्छतेची भारी आवड," असे आई कौतुकाने सांगते. पण मुलीचे हात पाहावेत तर साबणाने सोलवटलेले! शाळेची वेळ टळली तरी ती मोरीतच. दुसऱ्या घरी मुलगा एकच ओळ खोडून पुन्हा पुन्हा लिहितो, पेपर अर्धा राहतो आणि त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. दोन्हीकडे दुखणे एकच असू शकते. ते म्हणजे मंत्रचळ, डॉक्टरांच्या भाषेत ओसीडी.

ताप आला की आपण थर्मामीटर लावतो. मनाच्या आजारात मात्र 'थोडा फरक आहे' एवढ्यावर समाधान मानतो. हे बरोबर नाही. अमेरिकेत १९८९ साली मोठ्या माणसांसाठी 'येल-ब्राऊन' मोजपट्टी प्रसिद्ध झाली. तिच्यावरून बेतलेल्या मुलांच्या मोजपट्टीची पडताळणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. ती साधारण ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

तीत गुणांचे प्रश्न दहा. पाच मनात घुसणाऱ्या विचारांबद्दल, पाच कराव्याच लागणाऱ्या कृतींबद्दल. दिवसाचा किती वेळ जातो? अभ्यास, खेळ किती अडतो? त्रास किती होतो? मूल विरोध किती करते? आवर कितपत घालता येतो? प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. सोळाच्या पुढे आजार मध्यम, चोविसाच्या पुढे तीव्र, असे साधारणपणे धरतात.

हात किती वेळा धुतले याला येथे महत्त्व नाही. त्यापायी मुलाचे काय हिरावले जाते, ते पाहायचे. मनातल्या मनात आकडे मोजत बसणारे मूल वरून शांत दिसते, पण त्याचेही गुण मोठे येऊ शकतात.

मात्र पालकांनो, ही मोजपट्टी घरी लावू नका. आजार आहे की नाही हे तिने ठरत नाही, तीव्रता तेवढी कळते. मूल लाजेने लपवते आणि आईबापांना वरवरचेच दिसते. म्हणून जाणकार डॉक्टर दोघांशीही बोलून गुण देतात.

आमचे म्हणणे एवढेच, की उपचारांपूर्वी गुण लिहून ठेवावेत आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजावेत. भीतीला हळूहळू सामोरे जायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धती आणि गरजेनुसार औषधे, यांनी बऱ्याच मुलांना चांगला गुण येतो. तो खरोखर आला का, हे आकड्यावरून कळते. तुम्हीही डॉक्टरांना निःसंकोच विचारा, "मागच्या वेळी किती होते, आता किती?"

कोठे जावे हे कळत नसेल, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते. मुलाला रागावण्यापूर्वी एवढे अवश्य करा.