भिंत गेरूची, हिशेब करड्याचा

सिल्वासाजवळच्या गलोंड्यात, किंवा सीमेपलीकडे तलासरी-डहाणूकडच्या एखाद्या वारली पाड्यात, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेऊन गेलेला पाहुणा साधारणपणे तीन गोष्टी टिपतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवरचे पांढरे चित्र, रात्री तारपा या वाद्याभोवती फेर धरलेली माणसे आणि उघड्या आभाळाखाली उभे राहिलेले सावळे चेहरे. नेमक्या या तिन्ही ठिकाणी कॅमेऱ्याची ‘ऑटो’ खूण दगा देते. कॅमेऱ्यात बिघाड नसतो. तो ज्या गृहीतकावर बांधलेला आहे, ते इथल्या भिंतीला, इथल्या उजेडाला आणि इथल्या कातडीला लागू पडत नाही. खरेदीच्या वेळी आपण मेगापिक्सेल किती आणि झूम किती एवढेच विचारतो. अधिक-उणे अशी खूण असलेल्या बटणाकडे कोणी पाहत नाही. घरच्या वाढदिवसापुरते हे चालून जाईल. पण ज्या छायाचित्रांवर ‘आदिवासी संस्कृतीची नोंद’ असा शिक्का बसणार आहे, ती काढणाऱ्याला हे बटण ठाऊक नसेल तर नोंदच चुकीची होते, आणि ही चूक टाळायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी यंत्राचा हिशेब पाहू. समोर भिंत आहे की माणूस, हे कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला मुळात कळत नसते. समोरून परतलेला उजेड तो मोजतो आणि गृहीत धरतो की जगातली सगळी दृश्ये सरासरीने मध्यम करडी असतात. म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत करतात. नव्या कॅमेऱ्यांनी या गणितावर चेहरा ओळखण्याची, दृश्य ओळखण्याची पुटे चढवली आहेत, पण पाया तोच आहे. आता गेरूची भिंत घ्या. ती गडद, आणि तिच्यावरच्या तांदळाच्या पिठाच्या रेघा बारीक. चौकटीतला बहुतेक भाग भिंतीनेच व्यापलेला. कॅमेऱ्याला वाटते, इथे उजेड कमी आहे. तो शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. भिंत फिकट विटकरी होते आणि पांढऱ्या रेघा जळून सपाट होतात. वारली रेघ सपाट कधीच नसते. चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने ती काढलेली असते. कुठे पीठ दाट बसते, कुठे पातळ होऊन खालचा गेरू डोकावतो, कुठे काडी पुन्हा बुडवल्याचा ठिपका उमटतो. हात कोणाचा, घाईचा की सवडीचा, हे सगळे या चढउतारात असते आणि ‘ऑटो’वर काढलेल्या छायाचित्रात पहिल्यांदा तेच पुसले जाते. अधिक-उणेच्या बटणाने एक पायरी किंवा दोन तृतीयांश पायरी उणे केले की भिंत भिंतीसारखी दिसते आणि रेघ जिवंत राहते.

माणसांच्या बाबतीत हाच हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो, आणि मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन २ ऑगस्टला येतो, म्हणजे ऐन पावसाळ्यात. वर ढगांचे पांढरेफटक आभाळ, खाली पांढरे कपडे घालून उभी असलेली माणसे. इतका पांढरा रंग पाहून कॅमेरा उजेड कापतो आणि कपड्यांच्या वर चेहऱ्याच्या जागी कोळसा उरतो. तोच माणूस जवळून, चौकटभर चेहरा घेऊन टिपला की कॅमेऱ्याला सगळे काळेच दिसते. तो उजेड वाढवतो आणि चेहरा राखाडी, पिठूळ होतो. एकाच दिवशी एकाच माणसाची दोन छायाचित्रे, आणि दोन्हींत त्याचा रंग त्याचा नाही. पहिल्या वेळी अधिक आणि दुसऱ्या वेळी उणे, इतकेच करायचे असते. २०११च्या जनगणनेनुसार या प्रदेशातली निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती, आणि त्यांत वारली सर्वाधिक. इथे हा अपवादाचा प्रश्न राहत नाही. गावातली बहुसंख्य माणसे या चुकीच्या टप्प्यात येतात.

रंगाचेही तसेच. ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ म्हणजे दृश्यातला एखादा रंग वरचढ झाला तर तो उजेडाचा दोष समजून काढून टाकणे. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली कागद पिवळा दिसू नये म्हणून ही सोय. पण चौकटभर गेरू असेल तर कॅमेरा गेरूलाच दोष समजतो आणि निळ्याकडे ढकलून त्याची मळकट तपकिरी करून ठेवतो. शेजारच्या पाड्यातली तशीच भिंत, दाराजवळच्या हिरव्या झाडीसकट टिपली की निराळी येते. दोन भिंतींचे गेरू वेगळे होते की कॅमेऱ्याचे मत वेगळे होते, हे पुढच्या अभ्यासकाला कधीच सांगता येणार नाही. यावर उपाय जुना आहे. व्हाइट बॅलन्स ‘ऊन’ किंवा ‘सावली’ या खुणेवर पक्के ठेवायचे, किंवा त्याच उजेडात पांढरा कागद धरून कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय ते दाखवायचे. देवचौकाचे लग्नचित्र तर घराच्या आत, अंधाऱ्या भिंतीवर असते. तिथे समोरून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग आणि कडेला काळोख. फ्लॅश बंद ठेवून आयएसओ वाढवला, तर कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या नखाएवढ्या सेन्सरवर दाणे उठतात. ते घालवण्याच्या नादात कॅमेरा शेणमातीच्या सारवणाचा पोतच चोपडा करून टाकतो. आयएसओ १००, कॅमेरा स्टुलावर टेकवलेला आणि दोन सेकंदांचा सेल्फ टायमर, एवढ्यावर साध्या कॅमेऱ्यानेही उत्तम नोंद होते. भिंत कुठे पळून जाणार आहे?

तंत्राला पक्षपात नसतो, उजेड सर्वांना सारखाच, असे इथे कोणी म्हणेल. उजेड सारखा असतो हे खरे. त्याचा हिशेब मांडणारे मात्र कुठे तरी बसलेले असतात. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे छायाचित्र पाठवत असे. त्यावर एक गोरी स्त्री असे आणि अशा पत्त्यांना ‘शर्ली कार्ड’ हेच नाव पडले. तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर, असा कित्येक वर्षांचा शिरस्ता. गडद छटा नीट याव्यात यासाठी फिल्म सुधारली गेली, त्यामागे सावळ्या लोकांच्या तक्रारींपेक्षा चॉकलेट आणि लाकडी फर्निचरची जाहिरात करणाऱ्यांच्या तक्रारींचा वाटा मोठा होता, असे कॅनडाच्या लोर्ना रॉथ यांनी आपल्या संशोधनात दाखवले आहे. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड यायला १९९०चे दशक उजाडले. डिजिटलमध्ये हा दोष आपोआप गेला नाही. डोळे मिटले की इशारा देणाऱ्या निकॉनच्या एका कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने आशियाई वंशाच्या कुटुंबाला उघड्या डोळ्यांवरही तोच इशारा दिल्याची चर्चा २०१०च्या सुमारास जगभर झाली. गुगलने २०२१मध्ये आपल्या फोनमध्ये ‘रिअल टोन’ ही सोय आणली ती गडद वर्णाचे चेहरे खरे दिसावेत म्हणूनच. म्हणजे बनवणाऱ्यांनी दोष मान्य केला आहे. आपण वापरणारेच अजून ‘कॅमेऱ्याला कळतं’ म्हणून निश्चिंत आहोत.

तारप्याच्या फेराची गत आणखी वाईट. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचे हे वाद्य वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्यांची वळत जाणारी रांग. अंधार दिसताच ‘ऑटो’ फ्लॅश उडवतो. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोचतो, आणि अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाईवर येतो. परिणामी सर्वांत जवळच्या नर्तकाची पाठ पांढरीफटक येते, आणि ज्याच्यासाठी सगळा फेर आहे तो तारपेवाला काळोखात बुडतो. या नाचाची रचना केंद्राभोवतीची, आणि छायाचित्रातून केंद्रच गायब! फ्लॅश बंद करून शटर १/१५ सेकंदाच्या आसपास ठेवले आणि कॅमेरा कशाला तरी टेकवला, तर पाय थोडे हलतील, पण फेर फेर दिसेल. जवळ जाळ असेल तर त्याचा तांबूसपणाही राहू द्यावा. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर असले की तो राहतो. हलते पाय हा दोष मानणाऱ्यांशी माझा वाद आहे. नाच हलतोच.

सगळ्यांत मोठा आक्षेप अर्थातच मोबाइलचा. कॉम्पॅक्ट कॅमेरा संपला, आता या बटणांची उठाठेव कशाला? आकडे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीनुसार २०१०मध्ये भिंग आत बसवलेले १० कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३मध्ये ते सुमारे १७ लाखांवर आले. त्यानंतर किंचित वाढले, जुने डिजिटल कॅमेरे तरुणांना पुन्हा आवडू लागले, पण ती लाट फॅशनची. तिच्यावर युक्तिवाद उभा करण्यात अर्थ नाही. फोनबद्दल मान्य करायला हवे की एका क्षणात अनेक चौकटी टिपून त्या जोडण्याची त्याची युक्ती अंधारात कमाल करते. मात्र याच युक्तीत निर्णय आणखी आत सरकतात. गेरूची गडद भिंत तो उजळतो, आभाळ गडद करतो, चेहरा गुळगुळीत करतो. आणि फिरत्या फेराच्या चौकटी जोडताना माणसांच्या कडा फराट्यासारख्या ओढल्या जातात. कॉम्पॅक्ट कॅमेरा निदान एका प्रकाराने, एका दिशेने, म्हणजे करड्याकडे चुकतो, त्यामुळे त्याची चूक ओळखता आणि सुधारता येते. आणि फोनच वापरायचा असेल तर तोही वापरा: चेहऱ्यावर बोट टेकवले की बाजूला सूर्याची खूण येते, ती खाली-वर सरकवणे म्हणजेच अधिक-उणेचे बटण. माझा आग्रह उपकरणाचा नाही, निर्णय माणसाने घेण्याचा आहे.

‘नंतर संगणकावर सुधारू’ हा दुसरा आक्षेप निम्मा खरा आहे. काळवंडलेला चेहरा थोडाफार उजळता येतो. जळून पांढरी झालेली रेघ मात्र परत येत नाही, कारण तिथे माहितीच नोंदलेली नसते. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरे फक्त जेपेग फाइल देतात, आणि तिच्यात प्रत्येक रंगाच्या छटा २५६च. शिवाय सुधारणारा बसतो शहरातल्या कचेरीत. त्याने ती भिंत पाहिलेली नसते. तो आपल्या मनातला गेरू भरतो. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गावकऱ्यांच्या जगण्यामरण्याचे प्रश्न बाजूला ठेवून हे पायऱ्यांचे आणि छटांचे कौतुक कशासाठी? माझे उत्तर असे की कुडाच्या भिंतींच्या जागी सिमेंटच्या भिंती येत आहेत, आणि त्या याव्यातही. पक्क्या घराचा हक्क कोणाच्या सौंदर्यदृष्टीसाठी थांबवता येत नाही. पण त्यामुळेच जुनी भिंत पडण्याआधी घेतलेले छायाचित्र हा कित्येकदा एकमेव पुरावा उरेल. वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावर आणि कापडावर वारली आकृत्या जगभर गेल्या. घरच्या भिंतीवर सुवासिनींनी काढलेल्या आणि पुढच्या सारवणाखाली जाणाऱ्या चित्रांना मात्र ना मानांकन, ना चौकट. त्यांच्यासाठी कॅमेराच काय तो आहे.

म्हणून काही मागण्या, फार मोठ्या नव्हेत. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयासारख्या संस्थांनी आणि भिंतचित्रांची नोंद घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने पहिल्या छायाचित्रात भिंतीशेजारी करड्या रंगाचे मापपत्र ठेवण्याची अट घालावी. ते काही शे रुपयांत मिळते आणि पुढे कोणालाही रंग पडताळता येतो. फ्लॅश वापरू नये. मूळ फाइल, तिच्यात कॅमेऱ्याने लिहून ठेवलेल्या शटर-आयएसओच्या माहितीसकट, जशीच्या तशी जपावी आणि उजळवलेली प्रत वेगळी ठेवावी. ज्यांचे घर, ज्यांचा चेहरा, त्यांना छायाचित्र जागेवरच कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवावे आणि रंग बरोबर आला का, हे विचारावे. पडदा मागे बसवलेला आहे तो टिपणाऱ्यापुरता नाही. गलोंडा परिसरातल्या शाळांत एका तासाचा पाठ पुरे, कारण शिकायचे बटण एकच आहे, आणि आपल्या भिंतीचा गेरू कसा दिसतो हे मुलांना कोणी शिकवायला नको. तुमच्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा पडून असेल तर त्याची बॅटरी चार्ज करा, मेनूत अधिक-उणेची खूण शोधा आणि आधी घरच्याच एखाद्या गडद भिंतीवर ती एक पायरी उणे करून पाहा.