क्षण कमांडोचा, तास दिल्लीचे

ओलिसांसह दहशतवादी दडलेल्या खोलीचे दार फोडून आत शिरणाऱ्या कमांडोला समोरची आकृती शत्रूची की ओलिसाची, हे ठरविण्यास क्षणार्धच मिळतो. मानेसर येथील राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या, म्हणजेच ‘एनएसजी’च्या प्रशिक्षणात या क्षणार्धाची तयारी अखंड चालते. त्याआधीचे तास मात्र कमांडोच्या हाती नसतात. ते राजधानीतील बैठकांच्या हाती असतात.

24 डिसेंबर 1999 रोजी अपहृत ‘आयसी 814’ विमान अमृतसरला सुमारे पाऊण तास उभे होते. पंजाब पोलिसांनी आपल्या बळावर काय करावे, याचा स्पष्ट आदेश दिल्लीहून निघाला नाही. ‘एनएसजी’चे पथक पोहोचण्यापूर्वीच विमान इंधन न भरता लाहोरकडे उडाले. कारवाई फसली तर उत्तर कोणी द्यायचे, या धास्तीने निर्णय लांबत गेला, असाच अर्थ त्या पाऊण तासाचा लावावा लागतो. कंदाहारला सोडलेल्या तिघांपैकी मसूद अझहरने पुढे ‘जैश-ए-महंमद’ स्थापन केली आणि 2001 मधील संसदेवरील हल्ल्याचे आरोप याच संघटनेपर्यंत पोहोचले.

26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईत आदेश निघाला, पण मानेसरहून निघालेले कमांडो पहाटे उतरले. रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झालेल्या हल्ल्यातील दहशतवाद्यांना तोवर ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये मोर्चे बांधता आले होते. अशा इमारतीत प्रत्येक दाराआडचा निर्णय अधिक जीवघेणा होतो. ताजमध्ये जखमी सहकाऱ्याला बाहेर पाठवून मेजर संदीप उन्नीकृष्णन एकटे पुढे गेले आणि धारातीर्थी पडले. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील व मुख्यमंत्री विलासराव देशमुख या दोघांनाही पद सोडावे लागले. दोघेही लातूरचे, हा केवळ योगायोग. राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने राज्य पोलिसांचा प्रतिसाद तपासला. केंद्राची निर्णयप्रक्रिया तिच्या कक्षेबाहेरच राहिली.

2009 मध्ये मुंबई, कोलकाता, चेन्नई व हैदराबाद येथे ‘एनएसजी’ची केंद्रे झाली, महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ उभारले. अंतर घटले, हे निर्विवाद. परंतु केंद्र शहरात असले तरी पहिला अर्धा तास स्थानिक पोलिसांचाच राहतो, आणि पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने त्यांची शस्त्रे, सराव व जबाबदारी यांविषयी संसद फारसे विचारू शकत नाही. वरिष्ठांची संमती न घेता ठाण्यातील अधिकाऱ्याने किती पुढे जावे, हेही कुठे नीट लिहिलेले दिसत नाही. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याजवळ केवळ लाठी होती. कसाबच्या ‘एके-47’ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, तेव्हा तसे करण्याचा कोणताही आदेश त्यांना नव्हता.