डफ कुणाचा?

आमच्या कुरुळी-चाकण पट्ट्यात गणपती असो, जयंती असो की जत्रा, डीजेच्या भिंती उभ्या राहतात. ईदच्या जुलूसमध्येही हल्ली तेच दिसतं. खिडक्यांच्या काचा थरथरतात, पण गाण्याचा एक शब्द कळत नाही. मला आवाजापेक्षा जास्त सलतं ते हे की समोर उभा राहून, आपल्या डोळ्यांत बघून गाणारा माणूस हरवला.

असा माणूस आपल्यातच होऊन गेला. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सोबत डफ, तुणतुणं, झांज. पुढे शाहीर, मागे सूर धरणारे झीलकरी आणि समोर कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी सभा दणाणून सोडल्या. महाराष्ट्र राज्य झालं त्यात एका शेखचाही आवाज आहे. हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

आपल्यातले काही म्हणतात, पोवाडा-लावणी आपली नव्हे. बाहेरचेही काही तेच म्हणतात, फक्त त्यांचा सूर वेगळा असतो. दोघांना सांगावंसं वाटतं, डफ हा शब्दच मुळात अरबी आहे. आणि पेशवाईच्या अखेरीस गाजलेला जेजुरीचा शाहीर सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान होता. स्कॉटलंडची बॅगपाईप आपल्या लष्करी बँडमध्ये वाजते तेव्हा कुणाला ती परकी वाटत नाही. मग इथल्याच मातीतला शाहीर परका कसा?

चाकणचा संग्रामदुर्ग इथून जवळच आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाविरुद्ध झुंजवला. त्याचा पोवाडा ऐकताना कुणाच्या नजरा आपल्याकडे वळल्या, तर आपण उठून जायचं नाही. ती लढाई दोन सत्तांची होती आणि हा किल्ला आपल्याही गावाकडचा आहे. पण शाहिरानेही कालच्या खानाचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागू नये. अमर शेखांच्या डफाने माणसं जोडली होती, हे त्याने विसरू नये.

इथल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्याची, विदर्भाची, बिहारची पोरं राहतात. घर सोडून कामाला आलेल्या माणसाचं दुःख अण्णा भाऊंनी ‘माझी मैना गावावर राहिली’मध्ये मांडलं, ते आज या खोल्याखोल्यांत आहे. त्याला वाचा फोडणारा शाहीर मात्र नाही.

म्हणून मंडळांना आणि जुलूस कमिट्यांना एकच विनंती. एका वर्षी डीजेची वर्गणी शाहिरी पथकाला द्या. शिफ्ट सुटल्यावर चौकात डफ वाजू द्या. पुढच्या रांगेत आपण बसू, पोरांना घेऊन.