थायरॉइडच्या गोळीला शेजार कोणाचा?

बालाघाटात थायरॉइडच्या रुग्णाचे कागद सहसा एका गावाचे नसतात. रक्त तपासलेले बालाघाटात, हृदयाचे डॉक्टर नागपूरचे, बाळंतपणासाठी माहेर गोंदियाकडचे. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि एकाने दुसऱ्याची पाहिलेली नसते. थायरॉइडच्या बाबतीत हे महागात पडते.

गरोदर बाईचेच पाहा. सरकारी कार्यक्रमातून तिला लोहाची रोज एक गोळी आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या मिळतात. त्या हव्यातच. पण ती आधीपासून थायरॉइडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, घेत असेल आणि सकाळच्या चहाबरोबर सगळ्या एकदम गिळत असेल, तर लोह आणि कॅल्शियम पोटातच त्या औषधाला धरून ठेवतात. ते रक्तात कमी उतरते. गरोदरपणात थायरॉइड हार्मोनची गरज मुळातच वाढलेली असते, त्यात ही तूट. रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे हार्मोन, वाढलेला दिसतो, डोस ५० चा ७५ होतो. बाळंतपणानंतर लोह-कॅल्शियम थांबले आणि डोस तोच राहिला, की छातीत धडधड सुरू. उपाय बिनपैशाचा आहे: थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने, लोह-कॅल्शियम किमान चार तासांनी. गॅसच्या गोळ्याही हे शोषण कमी करतात. त्या तर लोक विचारल्याशिवाय सांगतही नाहीत.

काही औषधे याहून खोल जातात. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यकृताला हार्मोनचा निचरा वेगाने करायला लावते. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्याला जुना डोस अपुरा पडू शकतो. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठी दिले जाणारे इथिओनामाइड हार्मोन तयार होण्यातच अडथळा आणते. मानसिक आजारावरचे लिथियम ग्रंथीतून हार्मोन बाहेर पडू देत नाही. झटक्यांवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिनही हार्मोनची पातळी खाली आणतात.

सर्वांत नवलाचे औषध अमायोडॅरोन. हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणणाऱ्या त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. गोळीतले सगळे आयोडीन लगेच मोकळे होत नाही, तरी रोज सहा-सात मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या चाळीसपट, रक्तात येते. त्याने कुणाचे थायरॉइड मंदावते, कुणाचे उधळते; गोळी बंद केल्यावरही परिणाम महिनोन्‌महिने टिकतो.

देशाने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि मिठातून आयोडीन घराघरांत पोहोचवले. आयोडीन कमी पडू नये, याची काळजी व्यवस्थेने घेतली. औषधांमुळे थायरॉइडचा तोल जातो, तिकडे मात्र तितके लक्ष नाही.

तपासणीही फसू शकते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो. बैहर, मलाजखंडहून जिल्ह्याला येणाऱ्याची एक चुकीची तपासणी म्हणजे बसभाडे गेले, रोजीही बुडाली.

जिल्हा रुग्णालयात, क्षयरोग केंद्रात आणि औषधाच्या दुकानातही एक प्रश्न सक्तीचा व्हावा: ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ लिथियम किंवा अमायोडॅरोन सुरू करण्याआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच तपासणे, हा नियम चिठ्ठीवरच छापलेला असावा. रुग्णांनी आपणहून कोणतीही गोळी बंद करू नये. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे, ताकदीच्या आणि केसांच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून न्यावीत.