हात काळे करण्याचे शिक्षण

आमच्या गोठ्यात अठरा वर्षे कडब्याखाली पडून असलेल्या मोटारसायकलला एका भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला, तेव्हा कुठे ती आपली आहे याची मला आठवण झाली. व्यवहार जवळजवळ ठरला होता. काट्यावर घेण्यासाठी त्याने गाडी उजेडात ओढली, हाताने टाकीवरची धूळ पुसली आणि खाली ऑइलपेंटने लिहिलेली वडिलांच्या हातची अक्षरे दिसली : 'गुरांचा दवाखाना'. भंगारवाल्याला चहा पाजून मी रिकाम्या हाती परत पाठवले.

राजदूत १७५, सन १९७८ ची. आमचे आण्णा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. माजलगावला रेल्वे तेव्हा नव्हती, आजही नाही. आज कल्याणहून निर्मलकडे जाणारा महामार्ग गावावरून जातो. पण त्या काळी खेड्यांत जायचे तर सिंदफणेच्या काठाच्या काळ्या रानातल्या गाडीवाटाच खऱ्या. रात्री दोन वाजता 'गाय अडलीय' असा निरोप आला की अंगणात किक वाजायची. पावसाळ्यात चाक आणि मडगार्डच्या मध्ये काळी माती घट्ट बसायची आणि चाक फिरेनासे व्हायचे. आण्णा तुराटीने चिखल उकरत, दहा पावले पुढे जात आणि पुन्हा उकरत.

ही गाडी मूळची पोलंडची. तिथल्या 'एसएचएल एम ११' या मॉडेलवरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकात ती भारतात बनवायला घेतली. एक सिलिंडर, १७३ सीसी, तीन गिअर. म्हैसूरच्या येझदीचा रुबाब तिला नव्हता, बुलेटचा दरारा नव्हता. जाहिरातीत धर्मेंद्र होता खरा, पण आमच्याकडे तिच्यावर बसले ते दूधवाले, ग्रामसेवक आणि साखर कारखान्याचे चिटबॉय. ती राबणाऱ्यांची गाडी होती. बिघडली तर बांधावर उभी करून, प्लग काढून, पुसून पुन्हा चालू करायची, एवढे ज्ञान त्या काळी गाडीबरोबरच येत असे.

आता एक कबुली देतो. मी एकतीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले. इंजिनाची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढली, की डोळे मिटूनही काढता येईल. पिस्टन, सिलिंडर, क्रँक, प्रत्येक भागाला बाण आणि नाव. माझे विद्यार्थी त्या आकृतीवर पैकीच्या पैकी गुण मिळवत. परंतु उभ्या आयुष्यात मी एकही इंजिन उघडून पाहिले नव्हते! निवृत्तीनंतर गोठ्यात पोते अंथरून राजदूतसमोर बसलो, तेव्हा पहिला नट कोणत्या पान्याने सुटतो हेही मला ठाऊक नव्हते.

इंजिन जाम होते. बसस्थानकाच्या मागे चाळीस वर्षे गॅरेज चालवणाऱ्या, सारे गाव ज्यांना 'उस्ताद' म्हणते अशा मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "जोर लावू नका गुरुजी. प्लगच्या भोकातून डिझेल सोडा अन्‌ आठ दिवस विसरून जा." नवव्या दिवशी किक हलकेच खाली गेली. सिलिंडर लेथवर नेऊन बोअर करून घेतला, पिस्टन आणि रिंगा पुण्याच्या नाना पेठेतून मागवल्या. गंजलेली टाकी धुण्यासाठी तिच्यात बारीक खडी आणि पाणी घालून दोन दिवस हलवली. शेजाऱ्यांना वाटले, गुरुजींचे काहीतरी बिनसले आहे.

मग मी पहिली चूक केली. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत एक बारीक खुंटी असते. रिंगेची दोन्ही टोके त्या खुंटीपाशीच यावी लागतात, नाहीतर इंजिन चालताना टोक सिलिंडरच्या भिंतीतल्या दारात अडकते. मी ती खुंटी पाहिलीच नव्हती. वरून सिलिंडर दाबला आणि नवी कोरी रिंग काडकन तुटली. फळ्यावरच्या माझ्या आकृतीत ती खुंटी कधी नव्हतीच.

दुसरा धडा त्याहून मोठा होता. गाडी एकदाची चालू झाली, पण एका जागी स्थिर चालेना. मध्येच आपोआप रेस वाढे, मध्येच बंद पडे. मी कार्ब्युरेटर चार वेळा साफ केला. उस्तादांना बोलावले. त्यांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही, मान तिरकी करून अर्धा मिनिट नुसते ऐकले आणि म्हणाले, "हवा घ्यायलीय. क्रँकचं सील गेलंय." खरेच तसे होते. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत ओढले जाते आणि तिथून वर ढकलले जाते. ती पेटी हवाबंद नसेल तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते. हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा उच्चारले होते. ते ऐकायला कसे येते, हे मात्र साठी उलटल्यावर, सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने मला शिकवले.

हे सारे सांगण्याचे कारण राजदूतचे कोडकौतुक नाही. शहरांत सध्या जुन्या गाड्यांचे वेड आहे. १९९६ मध्ये बंद झालेली येझदी किंवा आरएक्स १०० हवी तर लोक मागेल ती किंमत मोजतात, क्रोम करून दिवाणखान्याच्या दारात उभी करतात. ज्याचा त्याचा शौक. शिवाय टू-स्ट्रोकचा धूर काही पवित्र नव्हे. त्यात न जळलेले पेट्रोल सिलिंडरमधून तसेच बाहेर जाते. ही इंजिने बाजारातून गेली ते बरेच झाले. माझी गाडी मी रविवारी धरणाच्या भिंतीपर्यंत नेतो आणि परत आणतो. तेवढ्यासाठी नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरतो आणि तो भरावा हे मला मान्य आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. उस्तादांच्या कानातले ज्ञान पुढे कोणाकडे जाणार? त्यांचा एक मुलगा चाकणला कारखान्यात आहे. तिथे तो दिवसभर एकच नट आवळतो; अख्खी गाडी त्याला उघडता येत नाही. आमचा बीड जिल्हा ऊस तोडायला हात पुरवतो, कारखान्यांना हात पुरवतो. पण त्या हातांना काही कळते, हे मानायला आम्ही तयार नाही. 'शिकला नाहीस तर गॅरेजात जाशील', ही धमकी मीसुद्धा वर्गात दिलेली आहे. आज तिची लाज वाटते.

याला उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज ही कामे करता करताच विज्ञान शिकायचे, असा त्यांचा आग्रह. तिथला अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेलाही. परंतु बहुसंख्य शाळांत 'कार्यानुभव' म्हणजे कागदी फुले, ही समजूत काही हटली नाही.

दुसरी अडचण नव्या गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ ची मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. हवेसाठी ते चांगलेच. पण डॅशबोर्डवर दिवा लागला तर त्याचा अर्थ कंपनीचा स्कॅनर सांगतो, आणि तो उस्तादांच्या गॅरेजात नसतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिने हाती घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही आले. हेतू उत्तम. पण माजलगावच्या मिस्त्रीला हा हक्क मिळायचा तर दुरुस्तीचे पुस्तक मराठीत हवे, स्कॅनर परवडणारा हवा आणि सुटा भाग सुटाच मिळायला हवा. अख्खा संच नव्हे.

आणि तिसरे काम आपले, म्हणजे शिक्षकांचे. अनुभवाने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. मला वाटते, तिथे न थांबता त्याला महिन्यातून दोन दिवस शाळेत मानधनावर बोलवावे. त्याने इंजिन उघडावे आणि विज्ञानाच्या शिक्षकाने शेजारी बसून कारण सांगावे. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, हे मला गोठ्यात कळले.

आमच्याकडे त्याची लहानशी सुरुवात झाली आहे. रविवारी सकाळी उस्ताद खुर्ची टाकून बसतात, गल्लीतली पाच-सहा मुले पाने घेऊन येतात. परवा आठवीतल्या एका मुलीने एकटीने रिंगा बसवल्या. खुंटी आधी बोटाने चाचपली, मगच सिलिंडर वरून सोडला. थोड्या वेळाने तिची आई तिला हाताला धरून माझ्या दारात घेऊन आली आणि म्हणाली, "बघा हो गुरुजी, पोरीचे हात कसे काळे झालेत!"

मी सांगितले, "आधी थोडं डिझेल चोळा, मग साबण लावा. निघतंय सगळं. पण तिला पुढच्या रविवारी पाठवा. कार्ब्युरेटर उघडायचाय."