क्वांटची मुलाखत आणि सुताचा विसार

यंत्रमागवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या घरांतली मुले आता गणित, संख्याशास्त्र शिकून मोठ्या बँकांकडे अर्ज करू लागली आहेत. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, गोरेगाव येथे परदेशी बँकांची कार्यालये आहेत. तेथे 'क्वांट' लागतो, म्हणजे जोखमीचा हिशेब गणिताने मांडणारा माणूस. (बँकेतले कोणते काम करावे, कोणते करू नये, हे ज्याने त्याने आलिमांना विचारून ठरवावे. येथे फक्त मुलाखतीच्या तयारीविषयी.) आमचे म्हणणे असे की या तयारीचा मोठा भाग आपल्या गादीवर होऊ शकतो.

नेहमीचा एक प्रश्न पाहा. फासा टाकावा, पडेल तितके रुपये मिळतील. आकडा पसंत नसेल तर एकदाच पुन्हा टाकता येईल. या खेळाची वाजवी किंमत काय? जुगार म्हणून नाक मुरडू नये, प्रश्न हिशेबाचा आहे. एका फाशाची सरासरी साडेतीन. म्हणून ४, ५, ६ पडले तर थांबावे, १, २, ३ पडले तर पुन्हा टाकावे. निम्म्या वेळा सरासरी पाच, निम्म्या वेळा साडेतीन. किंमत सव्वाचार रुपये. पाठ करून गेलेला मुलगा येथेच थांबतो. साहेब पुढे विचारतात, वरचा पाऊण रुपया कशाचा? तो पुन्हा टाकण्याच्या हक्काचा. आणि फाशाच्या तीन बाजूंवर ३ व तीन बाजूंवर ४ असते तर? सरासरी तीच, पण हक्काची किंमत चार आणेच उरते.

व्यापाऱ्याला हे नवे नाही. समजा, महिन्याच्या आत २५० रुपये किलोने सूत उचलण्याचा हक्क राहावा म्हणून किलोमागे ५ रुपये विसार दिला. भाव २७० झाला तर माल उचलला, २३० झाला तर विसार सोडला. बाजार जितके हेलकावे खाणार, तितका सूतवाला विसार जास्त मागणार. बँकेच्या भाषेत हाच ऑप्शन. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी त्याच्या किमतीचे सूत्र १९७३ साली प्रसिद्ध केले. त्यात भावाची चंचलता कायम एकसारखी धरली आहे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला, तेव्हा बाजार असा वागत नाही हे सर्वांना दिसले. शोल्स ज्या फंडात भागीदार होते तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट १९९८ साली बुडायला आला. त्यांना नोबेल जाहीर होऊन वर्षही झाले नव्हते. सूत्र कोणीही म्हणून दाखवतो. ते कोठे फसते, हे सांगता आले पाहिजे.

उर्दू माध्यमातून आलेला मुलगा उत्तर मनात काढतो आणि इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसतो. आम्हीही उर्दू शाळेतलेच, पहाडे अजून उर्दूतच सुचतात. पण मुलाखत घेणाऱ्याला उत्तराइतकीच उत्तराची वाट पाहायची असते. तेव्हा बापाने दुकान बंद झाल्यावर तासभर मुलाला समोर बसवावे. कागद-पेन घेऊन आधी घरच्या बोलीत, मग इंग्रजीत, मोठ्याने समजावून सांगायला लावावे. बापाला इंग्रजी कळले नाही तरी चालेल, 'का?' एवढे विचारता आले की पुरे.

पायथॉन, सी प्लस प्लस, रिग्रेशन, मॅट्रिक्स यांना मात्र पर्याय नाही. जॉन हल यांचे ऑप्शनवरचे पुस्तक नीट वाचलेले असावे. अर्जात लिहिलेली प्रत्येक ओळ खोदून विचारली जाते, म्हणून न केलेले काम लिहू नये. जाहिरातही निरखून वाचावी. काही जागा मॉडेल बनवणाऱ्याच्या असतात, काही दुसऱ्याचे मॉडेल तपासणाऱ्याच्या, आणि दोन्हींची तयारी एक नव्हे.